गाणं मधेच थांबतंय? नेटला शिव्या घालण्याआधी हे तपासा

घरात गाण्याचं नवीन अ‍ॅप आलं की पहिले काही दिवस कौतुकात जातात. मग कधीतरी ऐन अंतऱ्यात आवाज गुल होतो, स्क्रीनवर गोल चक्र फिरायला लागतं आणि घरातलं कुणीतरी जाहीर करतं, "नेट गेलं." सोसायटीत आणि नातेवाइकांत हे दुखणं निस्तरायला मला नेहमीच बोलावणं येतं. नेट खरोखर गेलेलं असतं तेव्हा मात्र कुणी मला विचारत नाही. तेव्हा टीव्ही, लॅपटॉप, व्हॉट्सअ‍ॅप सगळंच ठप्प होतं आणि फोन थेट केबलवाल्याला जातो. माझ्याकडे येते ती तक्रार ठरलेली आहे: "बाकी सगळं चालतंय रे, गाणीच अडकतात."

एवढं ऐकलं तरी नेटवरचा संशय निम्मा उतरायला हवा. गाण्याला नेट लागतं तरी किती? स्पॉटिफायवर 'व्हेरी हाय' क्वालिटी निवडली तर ३२० केबीपीएस (सेकंदाला ३२० हजार बिट), म्हणजे तासाला साधारण १४४ एमबी. यूट्यूब म्युझिक किंवा अ‍ॅपल म्युझिकची नेहमीची चांगली क्वालिटी २५६ केबीपीएसच्या आसपास. ४० एमबीपीएसच्या, म्हणजे ४०,००० केबीपीएसच्या, साध्या कनेक्शनवर ३२०ची सव्वाशे गाणी एकाच वेळी वाजू शकतील, निदान हिशेबाने तरी. लॉसलेस, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळलेली गाणी ऐकणाऱ्यांना जास्त लागतं, पण सीडीचा आवाज अजिबात न दाबता पाठवला तरी तो १,४११ केबीपीएस, म्हणजे दीड एमबीपीएससुद्धा नाही. म्हणून "शंभर एमबीपीएसचा प्लॅन दोनशेचा करून घेऊ का?" याला माझं उत्तर नेहमी एकच असतं: नको, पैसे ठेवा. गाण्याला वेग फारसा लागत नाही, सलगपणा लागतो. तो कुठे तुटतोय ते शोधायचं.

आधी लक्षण नीट बघा

गाणं थांबलं की लगेच काही दाबू नका. पाच सेकंद फोनच्या स्क्रीनकडे बघा. 'थांबलं' या एका शब्दाखाली लोक अगदी वेगवेगळ्या गोष्टी सांगतात.

- आवाज तुटतो, कटकट होते, पण स्क्रीनवर गाण्याची रेघ पुढे सरकत राहते. दोष ब्लूटूथकडे आहे.
- गाणं सरळ पॉझ होतं. चक्र वगैरे काही नाही, फक्त प्लेचं बटण दिसतं. बहुतेक वेळा अकाउंटचा घोळ.
- स्क्रीन बंद झाल्यावर थोड्या वेळाने गाणं बंद पडतं, स्क्रीन उघडली की पुन्हा सुरू होतं. फोनची बॅटरी वाचवण्याची हौस.
- गोल चक्र फिरतं. आता वायफाय किंवा नेट बघायचं.
- काही गाणी राखाडी दिसतात, दाबली तरी वाजत नाहीत. प्लॅन किंवा गाण्यांचे हक्क.
- फोनला स्पीकर किंवा टीव्ही दिसतच नाही. दोघं वेगवेगळ्या नेटवर्कवर आहेत.
- टीव्हीवर चित्र नीट, आवाज मात्र जातो-येतो. हा गाण्याच्या सेवेचा प्रश्नच नाही, टीव्ही आणि साउंडबार यांच्यातला आहे.
- रोज ठरावीक वेळी, किंवा लाइट गेल्या-आल्यावरच होतं. राउटर आणि त्याचा वीजपुरवठा.

याबरोबर आणखी एक गोष्ट कळली पाहिजे, ती म्हणजे तुमचं गाणं स्पीकरपर्यंत कुठल्या वाटेने जातं. ब्लूटूथवर गाणं नेटवरून फोनमध्ये येतं आणि फोनमधून स्पीकरला जातं. फोन हा मधला हमाल. तो थकला, लांब गेला किंवा त्यावर कॉल आला की गाणं गेलं. याउलट कास्ट केलं (फोनवरून गाणं स्पीकरवर किंवा टीव्हीवर सोपवलं), किंवा स्पॉटिफाय कनेक्टसारखी सोय वापरली, की स्पीकर किंवा टीव्ही स्वतःच राउटरकडून गाणं घेतो आणि फोन फक्त रिमोट उरतो. तेव्हा फोन खिशात घालून खाली दूध आणायला गेलात तरी गाणं चालू राहतं. तुमच्या घरात यातलं काय चालू आहे हे कळत नसेल तर गाणं लावून फोनचं ब्लूटूथ बंद करा. गाणं थांबलं तर पहिली वाट, चालू राहिलं तर दुसरी.

पहिली कसोटी: नेट पूर्ण बंद करून बघा

हे ऐकून लोक माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात, पण सगळ्यात जास्त वेळ हीच कसोटी वाचवते. अ‍ॅपमध्ये डाउनलोडची सोय असेल तर दोन-तीन गाणी उतरवून घ्या. फोन एरोप्लेन मोडवर टाका, मग फक्त ब्लूटूथ चालू करा आणि तीच गाणी त्याच स्पीकरवर लावा.

तरीही आवाज तुटला, तर नेट, राउटर, केबलवाला सगळे निर्दोष. दोष फोन, ब्लूटूथ किंवा स्पीकर यांतच आहे. गाणं सुरळीत वाजलं, तर फोन ते स्पीकर हा टप्पा ठीक आहे आणि शोध पलीकडे न्यायचा. डाउनलोडसाठी पैसे भरलेला प्लॅन लागत असेल आणि तुमच्याकडे तो नसेल, तर फोनमध्ये पडलेली कुठलीही एमपीथ्री फाइल चालेल. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली आरतीसुद्धा.

अकाउंट दुसरीकडे चालू आहे का?

फुकटची तपासणी आणि सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण. एका माणसाच्या प्लॅनवर बहुतेक सेवा एका वेळी एकाच ठिकाणी गाणं वाजू देतात. दुसऱ्या ठिकाणी कुणी प्ले दाबलं की पहिलं थांबतं.

आमच्या ओळखीच्या एका काकूंचं साताऱ्यातलं घर. सकाळी स्वयंपाक करताना त्या स्पीकरवर अभंग लावायच्या आणि साडेआठच्या सुमारास ते रोज बंद पडायचे. केबलवाला दोनदा येऊन गेला, राउटर बदलून झाला. काकूंच्या फोनवर थांबल्यानंतर खाली एक बारीक हिरवी पट्टी दिसत होती आणि तिच्यात दुसऱ्याच फोनचं नाव होतं. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. अकाउंट त्याचंच, हौसेने आईच्या फोनवर लावून दिलेलं. साडेआठला तो कंपनीच्या बसमध्ये बसून कानात इअरफोन घालायचा. त्याचं गाणं हिंजवडीकडे निघालं की साताऱ्यात अभंग थांबायचा. काकू पुन्हा प्ले दाबायच्या आणि मग तिकडे त्याचं थांबायचं. "पुण्याचं नेट फार वाईट आहे गं," असं तोही आईला सांगत होता.

उपाय सोपा आहे: प्रत्येकाचं वेगळं अकाउंट. फॅमिली प्लॅन स्वस्त पडतो, पण स्पॉटिफायसारख्या सेवांचा तो एकाच पत्त्यावर राहणाऱ्यांसाठी असतो. साताऱ्यातली आई आणि पुण्यातला मुलगा त्या नियमात बसत नाहीत. आईसाठी मोफत अकाउंट उघडून दिलं तरी अभंगांचं काम भागतं, मधे जाहिराती ऐकाव्या लागतात इतकंच. आणि सेवा चाखून बघताना तुम्ही मित्राच्या घरच्या टीव्हीवर किंवा हॉटेलातल्या टीव्हीवर लॉगिन केलं असेल, तर अकाउंटच्या सेटिंगमध्ये 'सगळीकडून साइन आउट' करून टाका. जुनी लॉगिनं अशीच लटकत राहतात.

प्लॅन संपलाय का, गाणं आहे का, अ‍ॅप तरी जिवंत आहे का?

एक महिना मोफत म्हणून घेतलेली सेवा महिन्यानंतर गुपचूप बदलते. यूपीआय ऑटोपेला परवानगी दिली होती, पण त्या दिवशी खात्यात पैसे नव्हते. किंवा कार्ड बदललं. पैसे कापले गेले नाहीत, प्लॅन मोफतवर आला आणि डाउनलोड केलेली गाणी राखाडी झाली. पैसे कापण्याआधी बँकेकडून सूचना येते, पण ती ओटीपी आणि ऑफरच्या मेसेजांच्या गर्दीत कोण वाचतो! म्हणून आधी अकाउंटचं पान उघडून सध्याचा प्लॅन बघा.

प्लॅन चालू असूनही डाउनलोड वाजत नसतील तर फोन किती दिवस नेटवर आला नाही ते आठवा. स्पॉटिफायला डाउनलोड जिवंत ठेवायला ३० दिवसांतून एकदा तरी नेट लागतं. गावच्या घरी फक्त गाण्यांसाठी ठेवलेल्या जुन्या फोनला हा नियम हमखास चावतो.

निवडक गाणीच राखाडी असतील तर तुमच्याकडे काहीच बिघडलेलं नाही. कंपन्यांमधले करार संपले की गाणी उठतात. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून अशीच काढली गेली होती आणि कित्येकांनी अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, अर्थात व्यर्थ. गाणं दुसऱ्या सेवेवर शोधा. कधीकधी अख्खी सेवाच आवरते. रेसो भारतात जानेवारी २०२४ अखेर बंद झालं, विंकनेही त्याच वर्षी गाशा गुंडाळला. जुन्या टीव्हीवर असं मेलेलं अ‍ॅप चिन्हासकट तसंच बसलेलं असतं आणि आजोबा ते रोज दाबून बघतात.

बंद-चालू, पण नीट

फोन रीस्टार्ट करा. टीव्ही मात्र रिमोटने बंद करून उपयोग नाही. त्याने तो फक्त झोपतो. भिंतीवरचा स्विच बंद करा, मिनिटभर थांबा, मग लावा. स्मार्ट टीव्हीची मेमरी तोकडी असते आणि आठवडेच्या आठवडे तो खऱ्या अर्थाने बंदच होत नाही, त्यामुळे अ‍ॅप अडखळायला लागतं.

टीव्हीवर अ‍ॅप उघडतच नसेल तर टीव्हीची तारीख-वेळ बघा. नेटवरची प्रत्येक सुरक्षित जोडणी प्रमाणपत्रावर चालते आणि प्रमाणपत्राला मुदत असते. टीव्हीच्या डोक्यात जर अजून २०१८ साल चालू असेल, तर त्याच्या लेखी समोरच्याचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. 'वेळ आपोआप घ्या' हे चालू केलं की बऱ्याचदा काम होतं.

फोनची जागा भरली असेल तरीही गाणी अडकतात. ऐकलेलं गाणं अ‍ॅप थोडं थोडं फोनमध्ये साठवत असतं, त्याला जागाच उरली नाही तर ते धापा टाकतं. फुलांचे सुप्रभात आणि लग्नांचे व्हिडिओ आधी काढा, मग अ‍ॅपची कॅशे (तात्पुरता साठा) साफ करा. कॅशेने डाउनलोड जात नाहीत; 'डेटा साफ करा' दाबलंत तर मात्र लॉगिन आणि डाउनलोड दोन्ही जातील. ती दोन बटणं शेजारी-शेजारी असतात, सांभाळून.

फॅक्टरी रिसेट मात्र इतक्यात नको. ९ मार्च २०२५ च्या सुमाराला जगभरातले दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट (कास्ट करण्यासाठी टीव्हीला लावायचं गूगलचं छोटं यंत्र) एकाएकी बंद पडले, कारण गूगलच्या बाजूचं एक प्रमाणपत्र मुदतबाह्य झालं होतं. रिसेट करू नका असं गूगलला सांगावं लागलं, कारण रिसेट केलेली यंत्रं पुन्हा सेट करतानाच अडकत होती. ज्यांनी हात लावला नाही त्यांची काही दिवसांत अपडेट येऊन आपोआप सुरू झाली. काल चालणारं यंत्र आज स्वतःहून बंद पडलं, तर आधी दुसऱ्या कुणाचंही तसंच झालंय का ते विचारा.

स्क्रीन बंद की गाणं बंद

यूट्यूबच्या मोफत वापरात स्क्रीन बंद केल्यावर आवाज बंद होतो. तो त्यांचा नियम आहे, बिघाड नव्हे. इतर अ‍ॅपचं तसं होत असेल तर फोनकडे बघा. अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या ६.० आवृत्तीपासून वापरात नसलेल्या फोनला गाढ झोपवण्याची सोय आली आणि त्यावर फोन कंपन्यांनी आपापल्या काटकसरीचे थर चढवले. स्वस्त फोनमध्ये तर मागे चालणारं अ‍ॅप दिसलं की मारायचं असा खाक्या असतो.

सेटिंग्जमध्ये जाऊन त्या अ‍ॅपचं पान उघडा, बॅटरीमध्ये 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. काही फोनवर 'ऑटोस्टार्ट' ही वेगळी कळ असते, तीही चालू करा. बॅटरी सेव्हर आणि डेटा सेव्हर दोन्ही बंद असल्याची खात्री करा. घरातल्या जाणत्याने "फोन फास्ट होतो" म्हणून टाकलेलं एखादं क्लीनर अ‍ॅप सापडलं तर ते काढून टाका; अशी अ‍ॅप चालू गाण्यालाही कचरा समजून झाडतात.

व्हीपीएन किंवा जाहिराती अडवायला लावलेलं 'प्रायव्हेट डीएनएस' असेल तर तेही तासभर बंद ठेवून बघा. मोफत सेवा जाहिरातीवर जगते. जाहिरात येऊ दिली नाही की काही अ‍ॅप दोन गाण्यांनंतर नुसती बसून राहतात.

ब्लूटूथ

जोडी तोडून पुन्हा जोडा: फोनमधून स्पीकर 'फर्गेट' करा आणि नव्याने जोडा. मग स्पीकरला घरातल्या आणखी किती फोनची ओळख आहे ते बघा. एकाच वेळी दोन फोनला धरून ठेवणारे स्पीकर आता बरेच आहेत. शेजारच्या खोलीत भाचीने रील उघडली की तुमचं गाणं दचकून थांबतं. कारण कळेपर्यंत हे भुताटकीसारखं वाटतं.

अंतराचं म्हणाल तर मोकळ्या जागेत दहा मीटर धरा, घरात त्याहून कमी. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर आणि पाणी या लहरी चांगल्याच गिळतं. फोन पँटच्या मागच्या खिशात आणि स्पीकर समोर, एवढ्यानेही आवाज तुटतो. ब्लूटूथ, जुनं वायफाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हन तिन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतात. मायक्रोवेव्हच्या दाराच्या फटीतून निसटणारा अंश माणसाला अपायकारक नसतो, पण ओट्यावर शेजारीच ठेवलेल्या स्पीकरला पुरतो. जेवण गरम करतानाच गाणं तुटत असेल तर स्पीकर खिडकीकडे सरकवा, खर्च शून्य. लॅपटॉपवरून वाजवत असाल तर त्याला लावलेली यूएसबी थ्रीची हार्डडिस्क काढून बघा. तिची खरखरही याच पट्ट्यात सांडते.

वायफाय: राउटर ठेवलाय कुठे?

आता घराच्या नेटकडे येऊ. स्पीकर फोनला दिसत नसेल तर दोघांच्या वायफायचं नाव ताडून बघा. एक 'गेस्ट' नेटवर्कवर आणि दुसरा मुख्य नेटवर्कवर असेल तर ते एकमेकांना कधीच दिसणार नाहीत. गेस्ट नेटवर्क त्यासाठीच असतं. फोन परस्पर मोबाइल डेटावर गेलेला असणं हे याचंच भावंड.

मग राउटरची जागा. टीव्हीच्या मागे, शोकेसच्या कप्प्यात, लोखंडी कपाटावर, फ्रिजवर: दिसायला नको म्हणून लोक तो नेमका तिथेच ठेवतात जिथे तो काम करू शकत नाही. धातू आणि आरसा लहरी परतवतात. वाड्याच्या दगडी भिंती आणि कोकणातल्या जांभ्याच्या भिंती तर एका खोलीपलीकडे फार काही जाऊ देत नाहीत. राउटर उघड्यावर, डोक्याच्या उंचीला, घराच्या मध्याकडे आणा. तार पुरत नसेल तर राउटर ते दुसरा राउटर अशी साधी लॅन केबल ओढणं हे कुठल्याही रिपीटरपेक्षा (वायफाय झेलून पुढे पाठवणाऱ्या डबीपेक्षा) चांगलं. साधे रिपीटर एकाच लहरीवर ऐकतात आणि बोलतात, त्यात निम्मा जोर जातो.

स्पीकर राउटरच्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. तिथे गर्दी कमी. दोन भिंती मधे असतील तर २.४ बरं, कारण ते भिंतीतून जास्त पार होतं. पण २.४ वर एकमेकांवर न चढणारे चॅनेल (लहरींचे कप्पे) मोजून तीन: १, ६ आणि ११. फ्लॅटच्या इमारतीत वर-खाली-शेजारी सगळे राउटर त्याच तिघांत कोंबलेले असतात. वायफाय अ‍ॅनालायझरचं कुठलंही मोफत अ‍ॅप उघडलं की डोंगरांसारखे आलेख दिसतील. तिघांपैकी सगळ्यात मोकळा दिसेल तो राउटरच्या सेटिंगमध्ये पक्का करा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. मधलाच ३ किंवा ९ निवडून हुशारी करू नका, मग दोन्हीकडचा त्रास तुमच्या वाट्याला येतो.

दोष घरात की बाहेर? पिंग लावून बघा

इथवर काही सापडलं नसेल तर भांडणाआधी पुरावा गोळा करायचा. पिंग म्हणजे समोरच्या यंत्राला हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं; उत्तरच आलं नाही तर 'टाइमआउट'. फोनवर पिंगचं अ‍ॅप घ्या. आधी राउटरचा पत्ता द्या, तो राउटरच्या मागच्या स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१. जिथे गाणं अडकतं तिथेच उभे राहून दोन-तीन मिनिटं चालू द्या. एकेक ओळ येईल: ३, २, ४, ३, ५. हे मिलिसेकंद आहेत आणि हे उत्तम. मधेच ३, ४, ३१०, ४, 'टाइमआउट', 'टाइमआउट', ६ असं दिसलं तर दोष तुमच्या वायफायमध्येच आहे, केबलवाल्याला बोलावून तो सुटणार नाही. मागच्या भागात परत जा.

राउटरपर्यंत सगळं स्वच्छ असेल तर आता ८.८.८.८ ला पिंग करा, हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस, म्हणजे संकेतस्थळांचे पत्ते सांगणारा सर्व्हर. तिथले आकडे मोठे असणारच. महत्त्वाचं ते सारखे आहेत की नाही हे. २५, २७, २६ चालेल. ओळीने टाइमआउट येत असतील आणि तेही रात्री नऊ ते अकरामध्येच, तर तुमच्या भागातली लाइन त्या वेळी खच्चून भरलेली आहे. स्क्रीनशॉट घ्या, वेळेसकट. नुसतं "नेट स्लो आहे" म्हटलं की समोरून "राउटर बंद करून चालू करा" एवढंच येतं. "राउटरपर्यंत ३ मिलिसेकंद, बाहेर ओळीने टाइमआउट, रोज नऊनंतर" असं सांगितलं आणि तक्रार क्रमांक मागितला की बोलण्याचा सूर बदलतो. तोवर दुपारी गाणी उतरवून ठेवा, किंवा क्वालिटी 'नॉर्मल'वर आणा. स्पॉटिफायवर ती ९६ केबीपीएस आहे आणि ओट्यावरच्या छोट्या स्पीकरवर फरक कळेलच असं नाही.

राउटरचा अ‍ॅडॅप्टर, बिचारा

कुणाचंच लक्ष जात नाही असा भाग. गाणं थांबेल त्या क्षणी राउटरच्या दिव्यांकडे बघा. सगळे एकदम विझून पुन्हा एकेक लागत असतील तर राउटर स्वतःच रीस्टार्ट होतोय. रात्रंदिवस सॉकेटमध्ये तापत राहिलेल्या अ‍ॅडॅप्टरमधले कपॅसिटर काही वर्षांत थकतात. एकटा फोन असेल तोवर तो ओढतो. संध्याकाळी दोन टीव्ही, चार फोन जोडले गेले की त्याचा व्होल्टेज बसतो आणि राउटर झोपतो. मग लोक म्हणतात, संध्याकाळी नेट खराब असतं.

अ‍ॅडॅप्टरवरचं लेबल वाचा. समजा १२ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलंय. नवीन घेताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, पिन नीट बसली पाहिजे आणि प्लस-मायनसचं चिन्ह जुळलं पाहिजे. ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा लावला तर राउटरही जाईल. दुकानात जुना अ‍ॅडॅप्टर सोबत न्या, काही शे रुपयांत काम होतं. जुना उघडून दुरुस्त करू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतका भार उरतो.

लाइट जाऊन इन्व्हर्टर लागताना राउटर बंद पडत असेल, तर बहुतेक घरगुती इन्व्हर्टरला यूपीएस आणि नॉर्मल असा खटका असतो. तो यूपीएसवर टाका, बदल लवकर होतो. तरीही राउटर दचकत असेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा. राउटर सुरू होऊन फायबरशी जुळायला दोनेक मिनिटं घेतो, त्यामुळे क्षणभर लाइट गेली तरी गाणं तेवढा वेळ जातं.

साउंडबारचा आवाज जातो-येतो

थोडक्यात: एचडीएमआयची केबल टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्या पोर्टमध्येच (साउंडबारकडे आवाज पाठवणाऱ्या) आहे ना ते बघा, टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'पीसीएम' (साधा, न दाबलेला आवाज) निवडा, केबल बदलून बघा. याच क्रमाने.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

राउटरवर 'एलओएस' नावाचा दिवा लाल झाला, की तुमचं काम संपलं. फायबरमधून प्रकाशच येत नाहीये. वायर कुठे कपाटाखाली चेमटलीय का, काटकोनात दुमडलीय का, उंदराने कुरतडलीय का, इतकं डोळ्यांनी बघा. हिरव्या टोकाचा कनेक्टर मात्र उपसू नका. त्याच्या टोकाला बोट लागलं तरी तेलाचा थर बसतो आणि प्रकाश अडतो. शिवाय आतला प्रकाश अवरक्त असतो, डोळ्यांना दिसत नाही, म्हणून "लाइट येतेय का बघू" करत त्यात डोळा लावणं तर मुळीच नको. दिवा हिरवा असूनही नेट लटपटत असेल आणि राउटरच्या सेटिंगच्या पानावर आरएक्स पॉवर (येणाऱ्या प्रकाशाचा जोर) दिसत असेल, तर तो आकडा तंत्रज्ञाला सांगा. वजा १८, वजा २० ठीक. वजा २७ च्या पलीकडे गेला असेल तर जोड नव्याने करावा लागेल आणि त्याचं यंत्र त्याच्याकडेच असतं.

स्पीकरमधून सतत घुंऽऽ असा आवाज येत असेल, किंवा साउंडबारच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर गाण्याचं सगळं बाजूला ठेवा. अर्थिंग तपासायला इलेक्ट्रिशियन बोलवा, आणि तो येईपर्यंत प्लग काढून ठेवा. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कापून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये खुपसलेली दिसली तर तेच त्याला आधी दाखवा.

चार्जिंगवाला स्पीकर फुगलेला दिसत असेल, पाठीमागची पट्टी उचलली गेली असेल किंवा चार्ज होताना चटका बसण्याइतका तापत असेल, तर तो पुन्हा चार्जिंगला लावायचा नाही. टोचून, दाबून बघायचं नाही. लिथियम बॅटरी आहे ती, पेट घेते. पडदे, कागद यांपासून लांब ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. घंटागाडीत टाकू नका.